माझ्या विहिरीला सरकारचं कुलूप

४ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाणीखात्यात मोठा साहेब झालास तरी माझा भाऊच आहेस, म्हणून सरळ लिहिते. काल तुझी माणसं माझ्या अंगणातल्या विहिरीच्या झाकणाला कुलूप घालून गेली. देशभर दुष्काळ, म्हणून सगळ्या विहिरी सरकारच्या ताब्यात, म्हणे. अरे, पहिल्यापासून अख्खी गल्ली इथेच पाणी भरते. घरटी दोन हंडे, रांगेत, न बोलता. आता तुमचा किल्लीवाला दहाला उगवतो आणि पाचला मावळतो. कोपऱ्यावर नर्सबाईंच्या प्रसूतिगृहात बाळं ऑफिसची वेळ बघून येत नाहीत. लोकांचं नीट चाललं असेल तिथे सरकारने नाक खुपसू नये. कुलूप काढ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

ताई

९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कान लाल झाले. सगळ्या विहिरी तुझ्या हाती असत्या तर आमचं खातं कधीच बंद पडलं असतं. पण कोणी पाणी विकायला काढलंय, कोणी शेजाऱ्याशी भांडून दोर कापलाय. माणूस बघून कायदा करता येत नाही, हे नागरिकशास्त्र तूच शिकवलंस, तेही पट्टी हातात घेऊन.

शिवाय रांग, माप, आणि बोललं की एक हंडा कमी, याला आमच्याकडे सरकारच म्हणतात. तुझ्या गल्लीतून अर्ज आलाय : विहीर सरकारकडेच राहू द्या, तुमचा माणूस निदान ओरडत नाही. पहिली सही दाजींची आहे.

रागाव, पण लिहीत राहा.

धाकटा

१८ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझे दाजी सध्या रांगेत शेवटी उभे असतात.

पाणी फार खाली गेलंय. मागच्या भिंतीपलीकडे सरबताच्या कारखान्याने खोल बोअर घेतलाय, पंप थांबत नाही. मालकाकडे गेले. त्याने खुर्ची दिली, थंडगार सरबत दिलं, आणि आमचं नीट चाललंय तिथे कोणी नाक खुपसू नये, असं ऐकवलं. वाक्य माझंच. सरबत तसंच ठेवून आले. काल नर्सबाईंनी पाणी नाही म्हणून बाळंतपणाला आलेल्या एका बाईला परत पाठवलं. माझा आवाज भिंतीपलीकडे चालत नाही, तुमचा चालतो. तो पंप थांबव. माझ्या कुलपाचं मागाहून बघू.

ताई

२६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

तिकडच्या सगळ्याच मोठ्या पंपांना सील ठोकलं. हे तुमच्या बहिणीचं काम, असं सरबतवाला म्हणाला. सरकारचं, असं मी म्हटलं. त्याला फरक दिसला नाही.

विहिरीची किल्ली आता गल्लीतच ठेवायची ठरलंय. घरोघर विचारलं. सगळ्यांनी नर्सबाईंचं नाव दिलं, नर्सबाईंनी तुझं. किल्ली सोबत आहे. हुकूम एवढाच : प्रसूतिगृहाला केव्हाही पाणी, आणि रांगेत बोलायला परवानगी.

माया असू दे, पट्टी नको.

धाकटा

५ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पाणी चढू लागलंय. नर्सबाईंकडे काल जुळी झाली. बोलायची परवानगी गल्लीने फारच मनावर घेतली आहे, त्यात तुझे दाजी पुढे.

तुमचं सरकारी कुलूप तकलादू आहे. केसातल्या पिनेने उघडतं, मी उघडून पाहिलं. म्हणून माझं पितळी लावलंय. त्याला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्या कमरेला, दुसरी या पाकिटात. ती ऑफिसातल्या खुंटीला टांग. उद्या माझंच डोकं फिरलं तर सरकारला आत येता आलं पाहिजे.

लोभ वाढव, किल्ली हरवू नकोस.

ताई