आईची पाणपोई आणि एकमताने मंजूर झालेली पाणीपट्टी

एल्मापिनार,
जुनी शाळा रस्ता

प्रिय वेह्बी,

तुझ्या दोन्ही डोळ्यांचे मुके घेते. सेविंचला माझे मनापासून सलाम सांग आणि तिचा गुडघा कसा आहे ते नीट कळव. मागच्या पत्रात तू गुडघ्याविषयी एक ओळ आणि नव्या गाडीविषयी दीड पान लिहिलं होतंस. माझं विचारशील तर देवाच्या कृपेने दोन वेळा जेवते, जिना चढते आणि डॉक्टरने बंद केलेलं मीठ चोरून खाते. रक्तदाब तेवढा गेल्या दोन महिन्यांत दोनदा वर गेला, आणि दोन्ही वेळा मी नगरपालिकेच्या सभागृहात होते. आता तू म्हणशील, सदुसष्टाव्या वर्षी आमच्या आब्लाला, थोरल्या बहिणीला, नगरपालिकेत काय काम? तेच सांगायला बसले आहे. तुला पानं उलटून शेवट आधी बघायची सवय आहे (अभ्यासाच्या पुस्तकातसुद्धा तू उत्तरंच आधी बघायचास), ती आजच्या दिवस आवर.

तर आपल्या नगरपालिकेने पाणीपट्टी वाढवायचं काढलं. वाढसुद्धा सरळ नाही, पायऱ्यापायऱ्यांची. महिन्याला दहा टनांपर्यंत एक दर, वीस टनांपर्यंत दुप्पट आणि त्याच्या वर गेलात की चौपट. माझ्यासारख्या एकट्या बाईला दहा टन पाणी म्हणजे डोक्यावरून पाणी. पण माझं मीटर महिन्याला सत्तर टन दाखवतं. कारण सहा वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन तू आईच्या पुण्यासाठी माझ्या बागेच्या भिंतीत जी पाणपोई बांधलीस, तिचा नळ ‘तात्पुरता’ माझ्या घराच्या पाइपला जोडलास आणि विमानात बसलास. वेगळ्या जोडणीचे कागद पुढच्या वर्षी करू, असं म्हणाला होतास. नळ मात्र छान आहे, काही म्हणायची सोय नाही. बाजाराला आलेला माणूस तिथे थांबतो, तोंडावर पाणी मारतो, पितो आणि “बाई, तुमच्या आईला स्वर्ग मिळो” म्हणून पुढे जातो. इथवर ठीक. पण आईला स्वर्ग मिळो असं म्हणत म्हणत लोक तिथे गालिचे धुतात, ट्रॅक्टर धुतात, लोणच्याची पिंपं भरून नेतात. एकाने तर उंट आणला होता (कुठल्याशा हॉटेलात फोटोसाठी पाळलेला). तो उंट प्यायला लागला तेव्हा मी खिडकीतून घड्याळ लावलं. अकरा मिनिटं, वेह्बी.

सहा वर्षं मी हे बिल माझ्या पेन्शनमधून भरलं आणि तुला एका शब्दाने बोलले नाही. (आता बोलते आहे, ते वेगळं.) पण नव्या दराने माझी निम्मी पेन्शन त्या नळातून वाहून गेली असती. नळ बंद करावा, असं मनात आलं नाही असं नाही. एका सकाळी मी पाना घेऊन भिंतीपाशी उभीसुद्धा राहिले. मग आईचा खांदा आठवला. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. खालच्या झऱ्यावरून कावडीने दोन दोन डबे, दिवसाला चार खेपा, थंडीत बर्फावरून. शेवटच्या आजारात तिच्या खांद्यावरचा खळगा बघून दवाखान्यातल्या नर्सने मला विचारलं होतं, हे ऑपरेशन कधीचं? मी म्हटलं, बावीस वर्षं चाललं होतं. तिच्या नावाने वाहणारं पाणी मी माझ्या हाताने बंद करू? मी घरात आले, पाना खणात टाकला आणि कोट चढवून नगरपालिकेत गेले.

सभा महिन्याच्या पहिल्या सोमवारी असते. सभासद अकरा, त्यांतले सहा नगराध्यक्ष तहसीन बेयच्या बाजूचे, पाच विरोधातले. लोकांनी मागच्या बाकावर बसून ऐकायचं, बोलायचं नाही असा नियम. आता या अकरांतल्या सात जणांना मी तिसरीत शिकवलं आहे. तहसीनला पाढे येत नव्हते (आणि आता तो दर ठरवतो). विरोधकांचा पुढारी जेवदेत, तो टायरवाला, त्याला मी एकदा एका पायावर उभं केलं होतं, ते त्याने अजून मनात ठेवलं आहे. सचिव रिफ्की तेव्हाही मान खाली घालून लिहायचा आणि अजूनही मान खाली घालूनच लिहितो. बाकावर माझ्या शेजारी आपल्या गल्लीतल्या सात-आठ बायका होत्या, विणकाम आणि थर्मास घेऊन. मी त्यांना दम दिला होता की कोणी तोंड उघडायचं नाही.

चर्चा तासभर चालली. तहसीन म्हणाला, पंपाच्या विजेचं बिल बघून माझे केस गेले. जेवदेत म्हणाला, केस लग्नाआधीच गेले होते, चौकातल्या रंगीत दिव्यांच्या कारंज्याचं बोला. तहसीन म्हणाला, ते कारंजं तेच तेच पाणी फिरवतं. “तुमच्या भाषणासारखं,” जेवदेत म्हणाला. मग तहसीनच्या एका माणसाने उठून सांगितलं, की पाणी खरं तर बायका संपवतात, रस्त्यावर गालिचे धुवून. झालं. माझा दम कुठल्या कुठे गेला. “मग तुझ्या आईचा गालिचा कोण चाटून साफ करतं रे?” शेजारची मुएझ्झेझ ओरडली. थर्मास पडला, चहा सांडला, तहसीनने घंटा वाजवली आणि बाक रिकामा करण्याची धमकी दिली. औषधाच्या दुकानवाली पेरिहान हानम तेवढी गप्प बसून कागदावर आकडेमोड करत होती. ती तहसीनच्या सहा सभासदांतली. मी मनात म्हटलं, हिचा हात तर वर जाणारच, आणि सहा हात म्हणजे खेळ खलास.

“वाढीच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा,” तहसीन म्हणाला. बोलायला बंदी, आणि एकदा मत झालं की झालं. पण दुआ करायला बंदी आहे असं नियमात कुठे लिहिलेलं नाही (मी आदल्या दिवशी अख्खा नियम वाचला होता). मला वाटलं, मोजणी तेवढी थांबेल, आईचं नाव कानावर पडलं की या पोरांना थोडी लाज वाटेल. मी उठून उभी राहिले आणि वर्गात हजेरी घ्यायचे त्या आवाजात म्हणाले, “जिच्या नळाचं पाणी तुम्ही सगळे प्यालात त्या झुल्फिये हानमच्या आत्म्यासाठी आणि तुमच्या सर्वांच्या गेलेल्या माणसांसाठी, फातिहा!”

आता असं ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस काय करतो? तहसीनच्या बाजूच्यांनी दोन्ही हात वर केले, तळवे उघडून. विरोधकांनीही केले. पेरिहान हानमने पेन ठेवून केले. मागच्या बाकावरच्या बायकांनी केले, चहा पुसणाऱ्या शिपायाने फडक्यासकट केले. सगळ्यांचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. नेमक्या त्याच वेळी रिफ्कीने वहीतून मान वर केली. गेल्या अकरा वर्षांत त्याने एवढे हात एकदम पाहिले नव्हते. त्याने मान खाली घातली आणि लिहिलं: एकमताने मंजूर.

काय गोंधळ झाला तो विचारू नकोस. जेवदेत टेबलावर मूठ आपटून म्हणाला, “अहो, मी हात देवासमोर वर केला, दरासाठी नाही!” तहसीन शांतपणे म्हणाला, “देवासमोर वर केलेला हात मी खाली घ्यायला सांगणार नाही, जेवदेत. मला पाप लागेल.” आणि पुढचा विषय घेतला. त्याहून वाईट मला बाहेर जिन्यात कळलं. पेरिहान हानमने मला गाठून तिचा कागद दाखवला. तिचा हिशेब वाढीच्या विरोधात निघाला होता आणि ती हात वर करणार नव्हती. पाच विरुद्ध सहा, म्हणजे वाढ आपोआप पडली असती. मी फक्त गप्प बसायला हवं होतं, वेह्बी, आणि तेवढंच मला या जन्मात कधी जमलं नाही. मी त्या जिन्यात बसून रडले, खरं सांगते. रागाने, आणि आईच्या नावाने हे झालं म्हणून.

नंतरचे आठ दिवस मी गावातून कशी फिरले ते माझं मला ठाऊक. बेकरीवाला मला जळका पाव द्यायला लागला. मुएझ्झेझ, जिच्यासाठी मी तीस वर्षं टोमॅटो शिजवले, ती मला बघून दार लावून घेऊ लागली. आणि माझ्याकडे हसून आलेला माणूस एकच: तहसीन, बकलाव्याच्या मिठाईचं खोकं घेऊन, आभार मानायला! मी त्याला दारातच उभं केलं. म्हटलं, तहसीन, तिसरीत तू दुसऱ्याचं उत्तर स्वतःचं म्हणून दाखवायचास तेव्हा मी काय करायचे? तो म्हणाला, “कान धरायचात, बाई.” (पन्नाशीचा नगराध्यक्ष, आणि हात कानाकडे गेला बिचाऱ्याचा.) मी सांगितलं, पुढच्या सभेत दोन ठराव येतील. एकट्यादुकट्या पेन्शनरांचा दर जुनाच राहील. आणि मेलेल्या माणसाच्या पुण्यासाठी बांधलेल्या पाणपोयांचं पाणी नगरपालिका फुकट देईल. नाही आले, तर मी सभेच्या प्रत्येक सोमवारी बाकावर आहे, आणि या गावात मेलेली माणसं पुष्कळ आहेत. तो बकलावा ठेवून गेला. दोन्ही ठराव आले. या वेळी रिफ्कीला मी आधीच बजावलं होतं की मान वर ठेव. दोन्ही मंजूर झाले, खरोखरच्या हातांनी. मुएझ्झेझने दार उघडलं.

पण फुकट पाण्याआधी तिघांची समिती पाणपोई बघायला येणार होती: पेरिहान हानम, रिफ्की आणि जेवदेत. ते आले, पाणी प्याले, आणि जेवदेतने चष्मा लावून तू बसवलेला संगमरवर मोठ्याने वाचला. वेह्बी, मी रोज त्याच्या समोरून जाते, पण मोठ्याने कधी ऐकला नव्हता. वीतभर अक्षरांत तुझं नाव, आडनाव, खाली श्टुटगार्ट, खाली कारखान्यातला तुझा हुद्दा. आणि सगळ्यांत खाली, नखाएवढं, ‘आईसाठी’. नावसुद्धा नाही. नुसतं ‘आईसाठी’.

“ठराव मेलेल्यांच्या पाणपोयांचा आहे,” जेवदेत म्हणाला. “हे वेह्बी बेय वारलेत का?”

मी म्हटलं, “नाही. श्टुटगार्टला असतो.”

“ते चालत नाही, बाई.”

आणि तो हसला. त्याला मी एका पायावर फार वेळ उभं केलं असेल, मान्य आहे. पण दगडावर लिहिलं होतं तेच त्याने वाचलं, आणि मला वाईट वाटलं ते त्याच्या हसण्याचं नव्हे.

असो. थंडी सुरू झाली आहे. सफरचंदं उतरवून झाली, तुझ्यासाठी सुकवून ठेवली आहेत. औषधं वेळेवर घेत जा, सेविंचला पायऱ्या चढायला लावू नकोस, आणि या सगळ्याचा फार विचार करत बसू नकोस.

तुझे डोळे पुन्हा चुंबणारी,
तुझी आब्ला
नेझाहत

ता. क. फार विचार करू नकोस असं वर लिहिलं, कारण विचार मी करून टाकला आहे. पाथरवट हायदार त्याच आठवड्यात गुरुवारी आला आणि तुझं नाव छिन्नीने उडवून गेला. हुद्दासुद्धा. आता त्या दगडावर फक्त ‘झुल्फिये’ आहे, वीतभर अक्षरांत. ओरडू नकोस, सेविंच घाबरेल. पैसे तुझे होते हे मी कुठे नाकारते? ते तिकडे वर लिहिलेलं असेलच.

ता. क. दुसरा. पाणपोई आईच्या नावावर करायला बांधणाऱ्याचं संमतिपत्र लागलं. खाली तुझी सही मीच केली. तुला अक्षर मीच शिकवलं असल्यामुळे सही हुबेहूब आली. खरं तर तुझ्यापेक्षा नीट आली, आणि त्यामुळेच जेवदेतला संशय आला आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो भर सभेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, तुला फोन लावून विचारणार आहे की सही तुझीच का. तेव्हा एवढं सगळं लिहिलं ते एका शब्दासाठी. ‘हो’ म्हण. त्यापुढे एक अक्षर बोलू नकोस. जास्त बोलणं आपल्या घराण्याला लाभत नाही, हे तू वर वाचलंच आहेस.

ता. क. तिसरा. नव्या जोडणीचं पहिलं बिल काल आलं, ते सोबत पाठवते आहे. रक्कम शून्य. रकमेकडे बघू नकोस, वरती ग्राहकाचं नाव आहे तिकडे बघ. घर वडलांच्या नावावर होतं, शेत आधी त्यांच्या आणि मग तुझ्या, पाणी तिने आणलं ते सगळं आपल्या पोटात गेलं. आईच्या नावाने पोस्टाने घरी आलेला हा पहिला कागद. पोस्टमनने दारात हाक मारली, “झुल्फिये हानम आहेत का?” आणि मी, वेह्बी, भल्या सकाळी, शुद्धीत असताना, “आहेत” म्हणाले. सोमवारी फोन उचलण्याआधी तो कागद समोर ठेव. आणि मग परत पाठव, तुझ्याकडे हरवेल.