तिसऱ्या बादलीतला रंग

सर, तुम्ही आम्हाला सातवीला विज्ञान शिकवायला आलात तेव्हा प्रयोगाच्या सामानाचं कपाट कुलूपबंद होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे होती. तुम्ही ती एकदाच मागितलीत. "पोरं फोडतील," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन वर्गात आलात. पिशवीत गेलेले बल्ब, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलची फाटकी ट्यूब. बल्बच्या बुडाची टोपी काढून तुम्ही त्याचा चंबू केलात आणि त्यात पाणी उकळून दाखवलंत. आमच्या घरांत माग होते, तर तिथल्या रिकाम्या रिळांच्या कप्प्या केल्यात. मोडनिंबचे तुम्ही, रंगात आलात की पुस्तकी मराठी सुटायची आणि "बघा की, हात लावून बघा, चावत न्हाय," म्हणायचात. मी हात लावायची. वर्गात सगळ्यात आधी मीच लावायची.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सोलापुरात नळाला तीन-तीन दिवस पाणी नसायचं. आमच्या चाळीच्या मधोमध आड होता, त्यावर वीस बिऱ्हाडं जगत होती. पाणी इतकं खाली गेलं होतं की दोर दोनदा वाढवावा लागला. त्याच सुमारास वर्गात गैरहजेरी वाढली. जुलाब, उलट्या. एके दिवशी तुम्ही हजेरीपटावरून न आलेल्या मुलांची घरं फळ्यावर मांडलीत, गल्ल्यांच्या रेघा ओढून, आणि खडू खाली ठेवलात. "काय सारखं हाय ह्यांच्यात?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "सर, सगळे आमच्या आडाचं पाणी पितात."

आडापासून पंधरा पावलांवर संडासांचा आणि मोऱ्यांचा शोषखड्डा होता. आडातलं पाणी खाली गेलं की आजूबाजूचं पाणी जमिनीतून त्याच्याकडे ओढलं जातं, हे तुम्ही वाळू भरलेल्या डब्यावर दाखवलंत. पण डब्यातली वाळू म्हणजे चाळ नव्हे, हेही तुम्हीच म्हणालात. खात्री कशी करायची? मी पुन्हा हात वर केला. खड्ड्यात रंग टाकायचा आणि आडात येतो का बघायचं. माझे वडील, नान्ना, रंगखान्यात कामाला होते, चादरींचं सूत रंगवायचे. मला दुसरं काय सुचणार होतं. तुम्ही इतके हसलात की मला लाजल्यासारखं झालं. "वडलांना विचारून चिमूटभर आण," म्हणालात. "विचारून हं."

मी विचारलं नाही. नान्नांनी फळीवर लाल रंगाची एक पुडी ठेवली होती. ती त्यांनी रंगखान्यातून न सांगता आणली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. अम्माला त्यातून घरचं थोडं सूत रंगवायचं होतं. मी अख्खी पुडी उचलली आणि नान्नांनी दिली असं तुम्हाला सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हा पाच जणांना घेऊन चाळीत आलात आणि शोषखड्ड्याचा दगड सरकवून रंग आत ओतलात. मग दारोदार फिरून बायकांना सांगितलंत, दोन-तीन दिवस पाणी लाल येतंय का बघा, आलं तर पिऊ नका. त्या पदराआड हसल्या. मास्तर पोरांना खेळवतोय, एवढंच त्यांना कळलं.

रविवारी काही झालं नाही. सोमवारी सकाळी सहाला मी रहाटापाशी उभी आहे. पहिली बादली स्वच्छ येते. दुसरी स्वच्छ. तिसरी वर येते आणि पाण्याला गुलाबी झाक आहे. मी ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरते. सर, तेव्हा मला भीती वाटली नाही. मी आनंदानं ओरडले, "आला! रंग आला!" त्या ओरडण्यानंच चाळ गोळा झाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही. दहाच्या आत चाळमालक पंधरा-वीस माणसं घेऊन शाळेत आला. दुष्काळात आड नासवला, पोरांकडून नासवला, असा गलका चालला होता. तुम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत उभे होतात आणि शांतपणे सांगत होतात, रंग आडात टाकलेला नाही, खड्ड्यात टाकलाय, तो आडात आला याचाच अर्थ खड्ड्यातली घाण आडात येतेय. कुणीतरी तुमची कॉलर धरली. बाकीचे चौघं घाबरून शाळेतून पसार झाले होते, म्हणून मला बोलावलं. नान्ना दाराशी उभे होते. कामावरून तसेच आले होते, कोपरापर्यंत निळे हात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुडीचं मी बोलले तर काय होईल ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"पोरी, खरं सांग," चाळमालक म्हणाला. "रंग कुणी आणला?"

"सरांनी."

"आणि टाकला कुटं?"

पहिलं खोटं नान्नांसाठी होतं. दुसऱ्याची काही गरज नव्हती. पण खोलीत सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं आणि मला तिथून सुटायचं होतं.

"आडात," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही, गणित चुकलं की वही परत बघायचात तसं. मग चाळमालकाला म्हणालात, "लेकरू घाबरलंय. कुटं का टाकला असंना, ते पाणी पिऊ नका. निदान उकळून तरी प्या." कुणी ऐकलं नाही. का ऐकतील? रंग आडातच टाकला होता म्हटल्यावर सिद्ध काय झालं होतं? चार दिवसांत संस्थेनं तुमची बदली नातेपुत्याकडच्या शाळेत केली. चाळीनं दोन दिवस आड उपसला, ते सगळं पाणी मोरीतून खड्ड्यात गेलं. चुना टाकला. आठवड्यात पाणी पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं आणि सगळे पुन्हा पिऊ लागले. आम्हीही. उकळायला रॉकेल कुठं होतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. थोडं होतं.

महिन्याभरानं माझी धाकटी बहीण गेली. चार वर्षांची होती. सकाळी जुलाब सुरू झाले, दुपारी डोळे खोल गेले, नान्नांनी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तसेच खांद्यावर घेऊन परत आले. अम्मा तेलुगूत एकच वाक्य म्हणत राहिली, आत्ता तर पाणी मागत होती, आत्ता तर पाणी मागत होती. त्या दिवसांत चाळीतून तिघं गेली.

तुम्हाला कुणी कळवलं कोण जाणे. दहाव्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात. अंगणात बाजेवर बसलात. नान्ना तुमच्यासमोर मान खाली घालून बसले. निघताना तुम्ही मला आडापाशी बोलावलंत. मला वाटलं, आता विचारतील. मी सगळं सांगायला तयार होते, निदान आज मला तसं वाटतं. तुम्ही खिशातून छोटी वही काढलीत.

"रंग कधी दिसला?"

"सोमवारी. सहा वाजता."

"पहिल्या बादलीत?"

"नाही सर. तिसऱ्या."

तुम्ही लिहून घेतलंत. शनिवारी दुपारी साडेबारा ते सोमवारी सकाळी सहा, असं मनाशी पुटपुटत तास मोजलेत. मग वही मिटलीत आणि म्हणालात, "साडेएकेचाळीस तास. नीट बघितलंस." आणि गेलात. मला मारलं असतंत तर बरं झालं असतं. त्यानंतर आपली भेट नाही. काही वर्षांनी तुम्ही गेलात, तेही मला उशिरा कळलं. नान्ना त्याआधीच वारले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी मी गप्प राहिले असं म्हणायची, ते आता नव्हते, तरीही मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

मीही विज्ञानच शिकवलं. एकतीस वर्षं, याच शहरात. तो आड नंतर बुजवला, चाळ पडली, तिथं आता दुकानं आहेत. गेल्या वर्षी शाळांसाठी एक पुस्तिका केली, फुकटच्या सामानातून मुलांनी करायच्या चाळीस प्रयोगांची. लोक नावाजतात. सुरुवातीला एकेचाळीस होते, सर. शेवटचा तुमचा होता; खड्डा, आड, रंग, तास मोजायचा तक्ता, सगळं नीट लिहिलं होतं, आणि खाली 'हा प्रयोग कुणी केला' तेही लिहायचं होतं. छापायला देताना मी तो काढला. छापणाऱ्याला सांगितलं, जागा पुरत नाही. शेवटचं अर्धं पान कोरंच गेलं.