जावईबापूंच्या मोटारसायकलची मूठ

चिरंजीव जावईबापू यांस,

सासऱ्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुमची प्रकृती ठीक असेल, बदलीच्या गावचं पाणी मानवलं असेल आणि आमची चिमणी तुम्हाला वेळेवर जेवू घालत असेल (किंवा तुम्ही तिला, हल्ली नेमकी काय पद्धत आहे ते मला ठाऊक नाही आणि विचारायची सोय नाही), अशी आशा करतो. इकडे सगळी माणसं खुशाल आहेत. माणसं, असं मुद्दाम लिहिलं आहे. मोटारसायकलीबद्दल सविस्तर लिहितो, तेव्हा बसून वाचावे.

तुम्ही जाताना गाडी आमच्या जिन्याखाली लावलीत आणि म्हणालात, "बाबा, आठवड्यातून एक चक्कर मारा. बाकी कशालाही हात लावू नका." हे वाक्य मला लागलं, हे आज पाच महिन्यांनी कबूल करतो. मी वाचनालयात सव्वीस वर्षं पुस्तकं बांधतो आहे. हे काम मला कुणी शिकवलं नाही. एक जाडजूड कोश फाडून पुन्हा शिवला आणि शिकलो (कोश वाचनालयाचा होता, पण तो विषय वेगळा). घरातला पंखा, शिलाई मशीन, कुलपं, सगळं मीच उघडतो. अशा माणसाला "हात लावू नका" म्हणणं म्हणजे काय, याचा तुम्ही विचार केला नसणार. असो. तुमचा दोष नाही. पुढचं वाचल्यावर तर मुळीच वाटणार नाही.

चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की उजव्या मुठीचं रबर झिजलं आहे. उजवी मूठ म्हणजे जी पिळली की गाडी रेस होते ती. (तुम्हाला हे माहीत आहे, पण पत्र ही सुद्धा वाचते.) म्हटलं, जावईबापू येतील तेव्हा नवी मूठ पाहून चकित होतील. नवं रबर आणलं, जुनं पात्याने कापून काढलं, दांड्यावर फिरणारी नळी पुसून कोरडी केली. रबर जागेवरून सरकू नये म्हणून आत काहीतरी चिकट लावावं लागतं. बाजारात त्यासाठी काय मिळतं हे विचारायला मी दुकानापर्यंत गेलो होतो, पण चिकटवण्याच्या बाबतीत मी दुसऱ्याला विचारायचं? परत आलो. माझा स्वतःचा सरस आहे, मीच शिजवतो, पुस्तकाच्या कण्याला लावतो तो. पुस्तक उघडताना कणा वाकला पाहिजे म्हणून त्यात मी ग्लिसरीन घालतो, प्रमाण कुणाला सांगत नाही. तो लावला आणि रबर ठोकून बसवलं. थोडा सरस टोकाकडून बाहेर आला, तो पुसला. थोडा नळीच्या आतही गेला असेल हे माझ्या मनात आलं नाही. जावईबापू, या पत्रातलं सर्वांत खरं वाक्य हे आहे.

पुढच्या आठवड्यापासून रेस अडकायला लागली. मूठ सोडली की ती टक्कन परत यायला हवी, तर ती जेवून उठलेल्या पाहुण्यासारखी सावकाश, आढेवेढे घेत यायची. मी पद्धतशीर माणूस आहे. वही घातली. सकाळी सात वाजून दहा मिनिटं: परत यायला सव्वाचार सेकंद. सकाळी नऊ: अडीच. दुपारी एक: लगेच. असे सतरा दिवसांचे आकडे माझ्याकडे आहेत, रेघा आखून, आणि एका बाजूला हवेतला गारठासुद्धा लिहिलेला आहे. त्यावरून मी काय निष्कर्ष काढला? की मुठीतून इंजिनाकडे जाणारी तार खराब आहे. तारेला तेल पाजलं. कार्ब्युरेटर उघडून पुसला. तारेची वळणं बदलली. हिने शेवटी जिन्यात येऊन विचारलं, "गाडी त्यांची आहे ना? मग तुम्ही का आजारी पडल्यासारखे दिसता?" मग मी गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्री तुम्हाला माहीत आहेत. वाचनालयासमोरचं त्यांचं गॅरेज, अठरा वर्षं आम्ही जेवणाच्या सुट्टीत एकाच बाकावर बसतो. दर गुरुवारी ते एक कादंबरी नेतात आणि दर गुरुवारी पानांवर ग्रीसचा अंगठा उमटवून परत आणतात. तो पुसण्याचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही. मला ते "बाइंडर" म्हणतात, मी त्यांना "मिस्त्री". त्यांनी गाडी एक दिवस ठेवली, परत दिली, मूठ लोण्यासारखी फिरत होती. काय केलंत विचारलं, तर म्हणाले, "साफ केलं. आता हिला काही लावू नका, बाइंडर." मला वाटलं, तेलाबद्दल बोलताहेत. घरी येऊन पाहतो तर रबर नळीवर किंचित, अगदी केसभर, सरकत होतं. असलं अर्धवट काम मला खपत नाही. मी पुन्हा सरस लावला. या वेळी सढळ हाताने.

तिसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. मी गाडीवरून वाचनालयाच्या आवारात शिरलो आणि मूठ सोडली. मूठ आली नाही. आवाराच्या मध्ये पाण्याची टाकी आहे, तिला मी चार फेऱ्या मारल्या. पेपर वाचायला आलेली मंडळी पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. तिसऱ्या फेरीपासून एकजण मोठ्याने आकडे मोजत होता. किल्ली फिरवून गाडी बंद करता येते हे मला माहीत होतं. पण दोष नेमका कुठे आहे हे कळण्याआधी बंद करणं मला हार मानल्यासारखं वाटलं. चौथ्या फेरीत ग्रंथपालबाई पायऱ्यांवरून ओरडल्या, "अहो, किल्ली!" तेव्हा बंद केली.

तसाच तणतणत दुपारी मिस्त्रींकडे गेलो. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो की हे काम आहे की खेळ, माणूस मेला असता. गाडी उन्हात उभी होती, मिस्त्रींनी मूठ पिळली, सोडली. टक्. पुन्हा पिळली. टक्. गिऱ्हाइकं हसली. "बाइंडर, फिरतेय की हो," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी नाक मुठीजवळ नेल्यासारखं केलं (मला तेव्हा वाटलं, वाकून पाहताहेत) आणि विचारलं, "हे रबर कुणी बसवलं?"

जावईबापू, मी म्हणालो, "आमच्या जावयांनी."

का म्हणालो ते मलाही सांगता येणार नाही. लोक हसले होते, एवढंच. आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. वाचनालयात जाऊन, माझ्या उत्तम अक्षरात, चौकट आखून, फलकावर सूचना लावली: 'समोरील गॅरेजमध्ये वाहन देण्यापूर्वी वाचकांनी स्वतःच्या जिवाचा विचार करावा.' गुरुवारी मिस्त्री कादंबरी परत करायला आले. फलकासमोर उभे राहिले. वाचली. (ते सावकाश वाचतात, ओठ हलवत.) पुस्तक टेबलावर ठेवलं, नवं घेतलं नाही, गेले. त्या दिवसापासून बाकावर मी एकटा बसतो. ते गॅरेजच्या आत, भिंतीकडे तोंड करून जेवतात.

सूचना लावल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी मी स्वतःच मूठ अख्खी काढली. नळी दांड्यावरून निघेना. ओढली, पिळली, शेवटी फडक्याने ऊब दिली, तेव्हा सुटली, आणि आतून वास आला. तो वास मी सव्वीस वर्षं घेतो आहे. हिला लग्नानंतर पहिलं वर्षभर त्याचीच तक्रार होती. मी नळी तशीच घेऊन कामावर गेलो आणि माझ्या टेबलाच्या वर पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात पाटी आहे: 'गारठ्यात सरस आवळतो, उबेत सैलावतो. विसरू नये.' ती मी शिकायला येणाऱ्यांसाठी लावली आहे.

सूचना मी ताबडतोब उतरवली. मूठ रॉकेलने स्वच्छ केली, रबराला तारेचे दोन वेढे दिले, आता गाडी बरोबर चालते. पण समोरचा रस्ता ओलांडायला बारा पावलं लागतात आणि मी सहाव्यापर्यंत जाऊन परत येतो आहे. तुम्ही पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी गाडी न्यायला येणार, त्या आधी हे तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं. चिमणीला आशीर्वाद. पत्र तिला दाखवलंच पाहिजे असं नाही.

तुमचा,
सासरा

ता.क. एक लहानशी विनंती. तुम्ही आलात आणि मिस्त्रींनी विचारलंच, की रबर तुम्ही बसवलंत का, तर "हो" म्हणावे. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला शोभून जाईल. माझं वय आता पन्नास पूर्ण आहे.

दुसरा ता.क. वरील विनंती हिने वाचली. म्हणाली, "मुलगी दिली ती कमी पडली का, म्हणून आता आळही देताय?" पत्र टपालात टाकणार नाही म्हणते, आधी समोर जाऊन या. पत्र कपाटावर आहे. मी खाली आहे.

तिसरा ता.क. (दोन दिवसांनी.) जाऊन आलो. बारा पावलं. सगळं सांगितलं, गिऱ्हाइकं होती तरी सांगितलं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं होतं, असला वास गावात दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही. मग मी तणतणत आलो त्या दुपारी का बोलला नाहीत, असं मी विचारलं. "चार माणसं होती, बाइंडर," म्हणाले. "तुम्हाला घरी गेल्यावर कळेल असं वाटलं होतं." मी सूचनेबद्दल माफी मागितली. जावयांवर ढकललं त्याबद्दलही माफी मागितली, तर म्हणाले, "ते मी धरलंच नव्हतं. तुमच्या जावयांना चाकात हवा भरता येत नाही, ते रबर काय बसवणार!" हे तुम्हाला कळवायला नको होतं, पण या पत्रात खोटं काही ठेवायचं नाही असं ठरलं आहे. निघताना ते एवढंच म्हणाले, "पहिली सूचना सहा दिवस होती. दुसरी किती दिवस लावायची, ते तुम्ही ठरवा."

चौथा आणि शेवटचा ता.क. मी बारा ठरवले. दुप्पट. सूचना लावली आहे. कुणी, कशाने, किती वेळा चिकटवलं, चार फेऱ्या, जावयाचं नाव घेतलं ते, सगळं क्रमाने. अक्षर पहिल्यापेक्षा चांगलं आलं आहे. मिस्त्री आज आले, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली, 'दोन वेळा' या शब्दांवर ग्रीसचा अंगठा ठेवला आणि कादंबरी घेऊन गेले. तो अंगठा मी पुसलेला नाही. तेव्हा आता खरी विनंती: तुम्ही येणार त्या रविवारी सूचनेचा नववा दिवस असेल आणि रविवारी फलकासमोर गर्दी असते. स्टँडवरून घरी येताना कृपा करून वाचनालयाच्या रस्त्याने येऊ नये. मागचा रस्ता लांब आहे, पण झाडं आहेत. चिमणी बरोबर असेल तर तिला बोलण्यात गुंतवावे.