यादीत नसलेला प्रकार

प्रिय ठमे,

तुझी डिस्क कोरी नव्हती. काल ती उघडली, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं.

तुझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या आवाजाची सगळी ध्वनिमुद्रणं तू भरलेल्या याच एका डिस्कवर होती. तुझ्या आईच्या यंत्रावर ती उघडेना, म्हणून तिने ती माझ्याकडे दिली. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा चालवणारी धाकटी बहीण असताना ताई दुसऱ्या कुणाकडे कशाला जाईल? मी डिस्क जोडली आणि तिच्यासमोरच निकाल दिला: कोरी आहे, पोरीने घाईत सगळं पुसलं. तू फोनवर म्हणालीस, "मावशी, डिस्कची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, वेगळ्या प्रकारची आहे. आधी कर्नलला विचार तरी, त्याला कोणकोणत्या फाइल सिस्टिम येतात." मी म्हणाले, "तू रांगत होतीस तेव्हापासून कर्नल शिकवतेय मी. शहाणपणा नको." कर्नल म्हणजे यंत्राचा कारभारी, त्याला न येणारी मांडणी तो वाचू शकत नाही, तेव्हा आधी यादी मागा, हे मीच दरवर्षी वर्गात बजावायचे!

ताईने तुझ्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं झाली. तू डिस्क परत मागितलीस, तर मी टाकून दिली म्हणाले. टाकवली मात्र नाही.

काल कपाट आवरताना ती हाताशी आली. एका ओळीत कर्नलला विचारलं. यादी आली, तुझ्या डिस्कचा प्रकार तिच्यात नव्हता. तो प्रकार वाचणारा भाग कर्नलमध्ये चढवला, पुन्हा विचारलं, शेवटच्या ओळीत नाव हजर. दोन मिनिटांचं काम. पहिल्याच फाइलीत तुझे बाबा खोकले आणि म्हणाले, "ठमे, बंद कर ते यंत्र, चहा गार होतोय."

आता उरलेलं सांगते. त्या दिवशी पडद्यावर 'कोरी' असं आलंच नव्हतं. 'अनोळखी प्रकार' असं आलं होतं आणि मी ते नीट वाचलं होतं. ताई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. तिच्यासमोर 'मला कळत नाही' एवढं म्हणवेना, म्हणून तुझ्यावर ढकललं. आज हे सगळं तिला असंच सांगितलं. तिने "पोरीचा नंबर तोच आहे ना?" एवढंच विचारलं. फोन येईल. उचल.

तुझीच,
मावशी

आज सकाळी अकराला तुझ्या आईच्या हाती दिलं: मूळ डिस्क एक. तिच्या यंत्रावर चालणारी प्रत एक. ध्वनिमुद्रणं एक्केचाळीस, प्रत्येक वाजवून तपासलेलं. या पत्राची नक्कल एक.