लुत्फीच्या डब्यातलं वायफाय

रविवार, ३ नोव्हेंबर

वायफाय मेलं! ऐन मालिकेत. नवरा सुटकेस घेऊन दारात, बायको रडायच्या बेतात, आणि पडद्यावर नुसतं गोल गोल चक्र.

माझ्या नवऱ्याने, लुत्फीने, ऑफिस बंद केलं तेव्हा घरी आणलेला तो फायरवॉलचा डबा. तिथे म्हणे अख्ख्या ऑफिसच्या इंटरनेटची राखण करायचा. इथे एका विधवेची करतो. वायफाय त्याच्याच पोटात बसवलेलं. डबा जिवंत आहे — वायर लावलेला जुना संगणक मजेत चालतोय. पण संगणकाला आवाज नाही, आणि मुकी मालिका बघण्यापेक्षा झोपलेली बरी.

सोमवार, ४ नोव्हेंबर

लुत्फीच्या ऑफिसातल्या वगदी इंजिनिअरला फोन केला. म्हणाला, "वहिनी, तो डबा आता संग्रहालयात द्या." मी म्हटलं, मलाही तिथेच ठेवून या मग. त्यावर जरा नरमला.

मागच्या बारीक भोकात पिन खुपसायची नाही, असं बजावलंय. त्याने डब्यातलं सगळंच पुसलं जातं. टेलिफोनच्या लाइनचं नाव, पासवर्ड, सगळं लुत्फीने भरलेलं, आणि ते त्याच्याबरोबरच गेलं. फक्त वायफायचा भाग तेवढा कोरा करायचा, तोही संगणकावरून. परवा सांगतो म्हणाला. उद्या लग्नाला जायचंय त्याला.

केसातली पिन माझ्या हातात होती तेव्हा. ते काही मी त्याला सांगितलं नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

वर शांतता. म्हणजे दौलतकडे.

दौलत म्हणजे लुत्फीची थोरली बहीण. माझ्या डोक्यावर राहते आणि तीन वर्षं माझ्याशी बोलत नाही. कारण काय, तर लुत्फी गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची कॉफी. मातमाची कॉफी बिनसाखरेची असते हे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला आणि कॉफी गोड झाली. बाकीच्या बायका मुकाट प्यायल्या. दौलतने कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या भावाच्या मातमात साखर?" मीही काहीतरी बोलले. ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघरामागच्या डक्टमधून तिचा रेडिओ तेवढा ऐकू येतो. पहाटे कुराणपठण, मग बातम्या, मग दुपारपर्यंत जुनी गाणी. कालपासून तो बंद आहे. परवा माझं वायफाय गेलं, काल तिचा रेडिओ गेला. लक्षात आलं! ही बया माझ्या नेटवर गाणी ऐकत होती! लुत्फीनेच कधीतरी पासवर्ड देऊन ठेवला असणार. साखर चालत नाही, नेट चालतं. हसून हसून ठसका लागला.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज हसू येत नाहीये. घर खायला उठलंय. ती तीन वर्षं बोलली नाही खरी, पण सकाळ झाली हे मला तिच्याच रेडिओवरून कळायचं. वर कुणीतरी आहे असं वाटायचं. मला तो रेडिओ परत हवाय, बस. पण आधी बोलायला मी जाणार नाही. मेले तरी नाही.

संध्याकाळी वगदी फोनवर, मी संगणकासमोर. डब्याच्या पानावर दोन बटणं शेजारी शेजारी — एक सगळंच पुसणारं, एक फक्त वायफाय पुसणारं. असं शेजारी कोण ठेवतं? दोन चष्मे बदलले. वगदी म्हणाला, वहिनी, खोल श्वास घ्या. मी म्हटलं, श्वास तू घे, मी दाबते.

डब्यावरचे सगळे दिवे गेले. मी लुत्फीची माफी मागून घेतली. मग एक दिवा लुकलुकला, मग दुसरा. वायफाय आलं! नवं नाव, पासवर्ड काहीच नाही. वगदी म्हणाला, लगेच टाका. हो हो म्हटलं आणि मुद्दाम टाकला नाही. दौलतला मागायची वेळ यायला नको.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

नेट आहे, तरी मालिका लावली नाही. फोनचा आवाजही बंद. वरचा रेडिओ सुरू झालेला कळायला हवा ना. दिवसभर डक्टच्या खिडकीशी बसून वाल निवडत होते. वर काही नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दौलत आली नाही, कोपऱ्यावरचं कॉफीहाउस आलं! सगळी मंडळी माझ्या नेटवर फुटबॉल बघतायत. वगदीच्या शिव्या खाल्ल्या आणि पासवर्ड टाकला.

आता तो वर कसा पोचवायचा?

शनिवार, ९ नोव्हेंबर

सुचलं! दौलत रोज बाल्कनीतून दोरीने टोपली सोडते, भाजीवाल्या शहातच्या गाडीपर्यंत. माझ्या कठड्यासमोरूनच जाते ती. चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला, दबा धरून बसले, टोपली आली तशी चिठ्ठी आत टाकली.

गाढव मी! टोपली खाली चालली होती. वर येताना टाकायची! शहातने चिठ्ठी उचलली, वाचली, माझ्याकडे बघून हात छातीवर ठेवला आणि चिठ्ठी खिशात घातली. अळकुड्या आणि कोथिंबीर तेवढी वर गेली.

रविवार, १० नोव्हेंबर

शहातने भर रस्त्यातून ओरडून आभार मानले. "मादाम साफिनाझ, देव तुमचं भलं करो! नेट एकदम झकास चालतंय. कालची चिठ्ठी टोपलीत मिळाली हां!" टोपली कुणाची ते गल्लीला ठाऊक आहे. वर दौलतची खिडकी उघडल्याचा आवाज झाला. मी आत पळाले. आता ती म्हणणार, ही माझ्या टोपलीत हात घालते. सगळं होतं त्याहून बिघडवून ठेवलं मी. दिवसभर रडू येत होतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सकाळी बेल वाजली. दौलत. धापा टाकत होती, जिना उतरून.

"मला कसलं नेट देतेस? माझा रेडिओ सेलवरचा आहे. तुझी मालिका ऐकू येईना, म्हणून मी तो बंद केला. इतके दिवस कान लावून बसलेय, खाली तुझं एखादं भांडं तरी वाजतंय का ते ऐकायला."