रोलचं आतलं टोक

४ नोव्हेंबर, सोमवार

शिरले एकदाची! घोडेगावात राहायला येऊन दीड वर्ष झालं, आणि भिमाजीभाऊंचा फोटो स्टुडिओ टाळायला मी मागच्या गल्लीनं भाजीला जाते. पासष्टाव्या वर्षी गल्लीबोळातून पळणं शोभत नाही.

भिमाजीभाऊ खुर्चीत बसून शेंगा फोडत होते. केस पांढरे झालेत. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणे.

"या बाई. आधारचा का पासपोर्ट?"

म्हटलं, ब्लॅक अँड व्हाइट शिकायचंय. रोल धुणं, प्रिंट काढणं, सगळं.

त्यांची सून वृषाली कॉम्प्युटरवर एका नवरदेवाचं तोंड गोरं करत होती. ती हसली. "मावशी, डार्करूममधे आमी कांदे ठेवतो."

"कांदे हलवू," भाऊ म्हणाले.

त्यांनी ओळखलं का मला? सदतीस वर्षं झाली. बहुतेक नाही. ओळखलेलं नसलं तर बरं.

७ नोव्हेंबर

कांदे हलले, वास राहिला. अंधारात फिल्म रिळावर चढवायची. बाद फिल्म हातात देऊन मला डोळे मिटून बसवलं. चार वेळा अडकली. मी ढकलत होते.

"बाई, जोर नका लावू. ती आपसूक जाती."

मी आयुष्यात काही आपसूक जाऊ दिलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

पहिला रोल धुतला. विजेचे खांब, शेजारचं मांजर आणि माझा स्वतःचा अंगठा. वृषाली म्हणाली, अंगठा लई झ्याक आलाय. उद्धट आहे. पण खरं बोलते.

१८ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय.

१९८७. तळेघरच्या वरच्या वाडीतली शाळा, आणि मी इंग्रजीची बाई. कॉन्व्हेंटमधून आलेली, म्हणजे सगळं येतं अशी माझी समजूत. त्या डोंगरात कॅमेरा फक्त माझ्याकडे. सव्वीस जानेवारीला नवा रोल घातला. पहिला फोटो भागूचा. चौथीतली पोर, अनवाणी पळून शर्यतीत पहिली आली होती. तेव्हा रोल पुरवून वापरायचा. तो संपेपर्यंत श्रावण आला. श्रावणात भागूला साप चावला. गाडी नव्हती. झोळी करून खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहावं झाल्यावर तिची आई गोजरबाई शाळेत आली. घरात दुसरा एकही फोटो नव्हता.

"बाई, तुमच्या त्या डब्यात माजी भागू हाय न्हवं? तेवढी द्या."

मी घाई केली. रोल मागे गुंडाळून न घेता कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. भर दुपारी, शाळेच्या ओट्यावर. लगेच मिटलं. कुणी पाहिलं नाही. मग गुंडाळला आणि घोडेगावात भिमाजीभाऊंकडे धुवायला दिला, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

आठ दिवसांनी गेले. ते म्हणाले, "बाई, रोल काळा पडलाय, पर—" पुढचं मी ऐकलं नाही. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मीच ओरडले. धुता येत नाही तर दुकान कशाला मांडलंत! आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. माझा रस्त्यापर्यंत गेला असेल.

गोजरबाईला सांगितलं, स्टुडिओवाल्यानं घालवला. मुख्याध्यापकांना तसं लेखीही दिलं. शाळेचे फोटो काढायचं काम त्यांच्याकडून गेलं, आजूबाजूच्या शाळांचंही. दिवाळीनंतर माझी बदली झाली. पुन्हा वर गेले नाही.

झाकण मी उघडलं होतं.

२२ नोव्हेंबर

आजचा धडा: रोल बिघडला तर कुणाची चूक हे कसं ओळखायचं. मी विचारलं नव्हतं. त्यांनीच काढला विषय.

"धुताना चुकलं तर समदा रोल सारखा बिघडतो. झाकण उघडलं असंल तर वरचे वेढे काळे पडत्यात. आतलं टोक, म्हंजी पयले फोटो, वाचत्यात कधीमधी. गुंडाळ्याच्या पोटात असत्यात ना."

मी मान डोलावली.

पहिले फोटो वाचतात. सदतीस वर्षं मला हे माहीत नव्हतं. मी शिकवत होते ना, शिकत कुठं होते.

२५ नोव्हेंबर

लाल दिव्यात उभं राहून सांगितलं. अख्खं सांगितलं, झाकणापासून त्या पत्रापर्यंत. भाऊ प्रिंट धुण्याचा ट्रे हलवत होते. एक शब्द बोलले नाहीत.

बोलणार कसे? मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते.

मुद्दाम. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिची सालं काढली असती.

२९ नोव्हेंबर

उजव्या बाजूला उभी राहिले. पुन्हा सगळं सांगितलं. आवाज चढू दिला नाही.

ट्रे हलवणं थांबलं नाही. मग म्हणाले, "दोन वेळा सांगायची गरज नव्हती. त्या दिशीच ऐकलं मी. डावा कान एवढा बी गेला न्हाई."

मला जमिनीत जावंसं वाटलं. अंधार होता ते बरं.

"आणि त्याच्याआधी माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"त्याच्याआधी रोल बघितला व्हता की. फिल्म खोटं बोलत न्हाई."

मग तेव्हाच तोंडावर का नाही सांगितलंत, म्हणून मी त्यांच्यावरच डाफरले. सवय.

"सांगत व्हतो. तुमी पाकीट टाकून गेला."

बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पिवळं पडलेलं पाकीट, वर निळ्या शाईत 'तळेघर, बाई'. फिल्मच्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या काळ्या ठिक्कर. फक्त एका टोकाला दोन चौकोन शाबूत, कडेनं काळवंडलेले.

पहिल्यात एक लहानशी मुलगी उभी होती. काळ्याचं पांढरं झालेली, तरी ओळखली.

"गोजरबाई हाय अजून," भाऊ म्हणाले. "प्रिंट तुमीच काढा. मी हात लावणार न्हाई."

३ डिसेंबर

नऊ कागद वाया. एकात भागूचा चेहरा कोळशासारखा, एकात पिठासारखा. वृषाली म्हणाली, "मावशी, मला स्कॅन करू द्या, दोन मिन्टात साफ करून देते. कडा पन काढते." नको म्हटलं. ती कड माझी आहे.

४ डिसेंबर

आली. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये आधी वेण्यांच्या रिबिनी आल्या, मग कपाळ, मग डोळे. दम लागलेला आहे, तोंड उघडं, एक पाय दुसऱ्या पायावर. मी म्हटलं होतं, नीट उभी राहा, भागू. नाही राहिली. नेगेटिव्हवर कड काळी होती, ती कागदावर पांढरी झाली. मुलीच्या उजव्या बाजूनं धुकं आल्यासारखं वाटतं. ते धुकं नाही. ते माझं झाकण.

भाऊंनी प्रिंट उजेडात धरून पाहिली. "जमलं," म्हणाले, एवढंच.

७ डिसेंबर

उद्या जाते. वाक्य तयार केलंय. "गोजरबाई, फोटो मी घालवला होता, त्या माणसानं नाही." आरशासमोर म्हणून पाहिलं. हेडमास्तरीण नोटीस वाचतेय असं वाटतं. दुसरं सुचत नाही.

८ डिसेंबर, रविवार

भीमाशंकरच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. तळेघरपासून पायी. गोजरबाई अंगणात सुपानं भात वारवत होती. तिनं ओळखलं, हात धरून घरात नेलं. भिंतीवर देवांशेजारी भागू. तोच फोटो, तीच पांढरी कड, काचेत.

"तुमीच तर धाडला व्हता, बाई. तुमची बदली झाली आन् मागनं तो फोटूवाला चालत आला. म्हनला, बाईंनी हट्टच धरला, हुडकाय लावला. रोज दिवा लावताना तुमचं नाव घेते मी."

पाया पडायला वाकली. तिचे खांदे धरून उभं केलं आणि सांगितलं. तयार केलेलं वाक्य नाही, कसंतरीच.

तिनं पदरानं फोटोची काच पुसली. मग कणगीकडे गेली, नव्या तांदळाची पायली भरून पिशवीत ओतली. "त्या भाऊला द्या. म्हनावं, द्यायला लई उशीर झाला."

जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन आले. मला चहाही विचारला नाही. बरोबर आहे.