आमच्या तेजूताईच्या वेबसाइटवर यायचं हं!

तलवाडा, शुक्रवार

चि. तेजश्रीस,

मंगलआत्याचा भरभरून आशीर्वाद. वेळेवर जेवतेस ना? (उभ्याने खाल्लेले पोहे म्हणजे जेवण नव्हे.) इकडे माझा गुडघा सोडला तर सगळं ठीक. पत्र मेलने पाठवतेय, पण पत्रच समज.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, रविवारपर्यंत ती नावं काढ, नाहीतर तुझा पासवर्ड बंद करते." तुझ्या हाताखालचे बारा इंजिनिअर रोज काय ऐकत असतील ते कळलं. पण घडलं कसं ते ऐकून तरी घे.

तुझ्यासारखे इंजिनिअरांचे मॅनेजर मिळून टीम कशी सांभाळावी याचा इंटरनेटवर मराठीत माहितीकोश करताहेत, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, आणि "आत्या, तू मराठी शिकवतेस तर भाषा तपास," असं तूच सांगितलंस. मी शाळा सुटली की रोज एक पान तपासायची. (इतकं आवडीचं काम फार वर्षांनी हाती आलं.) आमचं नेट गेलं की शेजारच्या विठ्ठलरावांच्या ओट्यावर बसून त्यांचं वायफाय वापरायची, म्हणून शेवटच्या पानावर 'सहकार्य : विठ्ठलराव' एवढं लिहिलं. चूक एवढीच.

दुसऱ्या दिवशी माजी सरपंच तात्याबा दारात. "मंगलबाई, विठ्ठलचं नाव पुण्याच्या कोशात हाय, मग आमचं कावून न्हाई? तेजीला खांद्यावर घेऊन जत्रंला आमीच गेलतो न्हवं?" घातलं नाव. पण ते वर गेलं म्हणून विठ्ठलराव रुसले. मग लग्नपत्रिकेत करतो तशी सोय केली : निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक, समस्त गावकरी. छबुबाई नातवाचं नाव घेऊन आल्या. तो सात महिन्यांचा आहे, त्यामुळे तळाशी ती 'आमच्या तेजूताईच्या' ओळ आली. त्र्याऐंशी नावं झाल्यावर मी 'नजरचुकीने कुणाचे नाव राहिल्यास क्षमस्व' असं लिहून हात जोडले. तुझ्या साहेबांनी नेमकं तेच पान आधी उघडावं, याला मी काय करू?

काल घरोघर जाऊन नावं काढावी लागणार म्हणून सांगितलं. सगळ्यात अवघड तात्याबा. ऐकलं आणि गप्पच बसले, चांगली पंधरा मिनिटं. मीही काही समजावलं नाही, नुसती बसून राहिले. शेवटी म्हणाले, "काढ. पन माजं सगळ्यात शेवटी काढ."

तसंच केलं. आज सकाळपासून दुपारपर्यंत त्या पानावर ते एकटेच होते. चौसाळ्याच्या व्याह्यांना फोन करून त्यांनी पान उघडायला लावलं म्हणे.

तुझी,
मंगलआत्या

ता. क. नावं सगळी निघाली. तेव्हा पासवर्ड राहू दे. शाळा सुटल्यावरचा तास मला फार मोठा वाटेल.

ता. क. २ 'टीम सोडून जाणाऱ्याशी कसं वागावं' हे पान तुम्ही नुसतं शीर्षक घालून महिनाभर रिकामं ठेवलं होतं. तात्याबांकडून आल्यावर मी ते लिहिलं. तीनच ओळी आहेत. त्याला बसायला सांगावं. समजावण्याची घाई करू नये. त्याचं नाव सगळ्यात शेवटी पुसावं.

ता. क. ३ पुसता पुसता लक्षात आलं, त्या त्र्याऐंशीत माझं नाव नव्हतंच. नजरचुकीने. त्या तीन ओळी ठेवल्यास, तर खाली 'मंगल' एवढंच घाल. (छबुबाईंना कळू देऊ नकोस.)